चांगली बाजू तुमच्याकडे

माझ्या मेहुण्याला आमच्या वसाहतीत सगळे ओळंबा म्हणतात. गवंडी भिंत सरळ उभी आहे की नाही ते बघायला दोरीला वजन बांधून सोडतो ना, तो ओळंबा. हा माणूस तो खिशात घेऊन फिरतो. लोक बाहेर पडताना रुमाल घेतात, हा ओळंबा घेतो. तोंडावर त्याला कोणी काही बोलत नाही, कारण तो कुंपण समितीचा अध्यक्ष आहे, आणि वसाहतीच्या अध्यक्षाला लोक जेवढे घाबरतात तेवढे पोलिसांनाही घाबरत नाहीत. मी घाबरत नाही. मी मोठ्या इस्पितळात हेड सिस्टर होते. भल्याभल्यांना पालथं झोपवून मी सुया टोचल्या आहेत, आणि माणसाला एकदा त्या बाजूने पाहिलं की त्याचा फारसा दरारा उरत नाही.

त्याची बायको म्हणजे माझी सख्खी धाकटी बहीण, चिमी. केस पिकले, दाढा गेल्या, तरी ती चिमीच. लहानपणापासून हिचा स्वभाव असा, की कोणी हिच्या पायावर पाय दिला तर ही म्हणणार, "अय्या, माझा पाय मधे आला." असल्या मुलीला नवरा कसा मिळावा? तर दिवसभर पायावर पाय देणारा. मारत नाही हो, शिव्या देत नाही, दारू पीत नाही. हे सगळं चिमीच मला बोटांवर मोजून सांगते, जसं काही दारू न पिणं हीच मोठी कमाई. अगं, आमचा ऑक्सिजनचा सिलिंडरही दारू पीत नव्हता, म्हणून त्याच्याशी कोणी लग्न लावलं नाही.

आमची दोन घरं पाठीला पाठ लावून आहेत. तिचं फाटक मागच्या गल्लीत, माझं पुढच्या. दोघींची परसं मधे एकमेकांना भिडलेली, आणि तिथे झुडपांची एक रांग होती. त्या रांगेत आम्ही दोघींनी जाऊन येऊन एक खिंड पाडली होती. सकाळी चहा ठेवला की चिमी खिंडीतून यायची, अर्धा कप प्यायची, उरलेला हातात घेऊन परत जायची. कप नंतर कधीतरी मी घेऊन यायची. आमचे हे गेले, मुलगा नोकरीला लांब गेला, घर खायला उठायचं, पण ती खिंड होती म्हणून मी एकटी आहे असं मला कधी वाटलं नाही. हे मी कोणाला बोलून दाखवलं नव्हतं. आता सांगते.

मग कोपऱ्यावरच्या घराच्या कुंपणाची भिंत एक दिवस ढासळली आणि औषधवाल्यांची स्कूटर तिच्याखाली चेपली. औषधवाले म्हणजे चौकातल्या औषधाच्या दुकानाचे मालक, बरा माणूस, पण आवाज करण्यात पटाईत. त्यांनी वसाहत डोक्यावर घेतली. सभा झाली. सगळे तावातावाने बोलले, कोणी कोणाचं ऐकलं नाही, आणि शेवटी कुंपणं कशी असावीत, कुठे असावीत, किती उंच असावीत हे ठरवायला समिती नेमली. अध्यक्ष कोण? तर ओळंबा. कारण तो एकटाच रिकामा होता. सगळी नोकरी त्याने लोकांच्या घरांचे नकाशे तपासण्यात घालवली. तपासण्यात म्हणजे नापास करण्यात. निवृत्त झाल्यावर नापास करायला घरात एक चिमी उरली होती. आता अख्खी वसाहत मिळाली. बाबाला काय तो आनंद! दुसऱ्या दिवशी सकाळी नवीन टोपी घालून निघाला.

नियम तसे वाईट नव्हते, हे मलाही मान्य आहे. कुंपण आपल्या हद्दीत हवं, खांबाचा पायासुद्धा शेजाऱ्याच्या जमिनीत शिरता कामा नये. पुढचं कुंपण कमरेएवढं आणि आरपार दिसणारं, म्हणजे वळणावर गाडीवाल्याला पोर दिसेल. मागचं हवं तर डोक्याच्या वरपर्यंत. एक बाजू गुळगुळीत असेल आणि दुसरीकडे खांब नि आडव्या पट्ट्या दिसत असतील, तर गुळगुळीत बाजू शेजाऱ्याकडे करायची. दोन्ही बाजूंची रंगरंगोटी मालकाने करायची. शहाण्यासवरत्या माणसाच्या हातात हे नियम दिले तर वसाहत सुखाने नांदेल. पण नियम हातात आले ते याच्या.

शिक्षिकाबाईंचा एक खांब बोटभर कलला होता. हा तिथे ओळंबा सोडून उन्हात उभा, आणि बाई बिचाऱ्या दारात छत्री घेऊन उभ्या. "कलला आहे, तर कोणाला टोचतोय?" असं त्यांनी विचारलं, तर म्हणतो, "आज टोचत नाही." एका घरी नुकतं माणूस गेलं होतं, लोक भेटायला येत होते, त्यात हाही गेला. मला वाटलं, चला, एवढी तरी माणुसकी आहे. परत येताना त्यांच्या कुंपणाची उंची मोजून आला. आणि लोक? लोक माना डोलवतात. मागे नावं ठेवतात, समोर दिसला की "या ना साहेब, चहा घ्या." मला तर ओळंब्यापेक्षा या माना डोलावणाऱ्यांचीच जास्त शिसारी येते.

तर साहेबांनी स्वतःपासून सुरुवात करायची ठरवली. आदर्श घालून द्यायचा होता ना. आमची झुडपं उपटली आणि मधे कुंपण घातलं. डोक्याच्या वर जाणाऱ्या उभ्या फळ्या, एकमेकींना चिकटवून, मधे सुई जाईल एवढी फट नाही. खिंड गेली. मी परसात येऊन उभी राहिले तर माझ्यापुढे ही एवढी भिंत.

"ताई, कसं वाटतं?" पलीकडून वळसा घालून तो मुद्दाम विचारायला आला होता.

"इस्पितळातली शवागाराची भिंत अशीच होती," मी म्हटलं.

त्याला असलं काही लागत नाही. त्याने फळीवरून हात फिरवला. "बघा, खिळ्याचं टोकसुद्धा दिसणार नाही. चांगली बाजू तुमच्याकडे दिली. खांब, पट्ट्या, सगळं खडबडीत आमच्या बाजूला. नियमच आहे तसा. चिमीला म्हटलं, ताईंना तक्रारीला जागा नको."

"आणि चिमी माझ्याकडे यायची कशी?"

"रस्ता आहे ना," तो म्हणाला. "माणसं रस्त्यानेच जातात."

रस्ता म्हणजे तिच्या गल्लीतून बाहेर, मोठ्या रस्त्याला लागायचं, चौकातून वळायचं, मग माझी गल्ली. चिमीचे गुडघे दुखतात. तरी ती यायची, दिवसाआड, घामाघूम होऊन. मग येईना. मी कुंपणाशी जाऊन हाका मारायची, ती पलीकडून बोलायची. बहिणीशी बोलतेय की फळीशी, कळत नसे. एक दिवस मी म्हटलं, "आज ये की गं, मी पेज केलीय." तर ती हळूच म्हणाली, "ते बाहेर गेलेत."

"मग बरंच झालं. ये."

"फाटकाला कुलूप आहे."

मला आधी समजलंच नाही. मग तिने सांगितलं. समितीने नवीन नियम केला होता, कारण कोणाची तरी सायकल चोरीला गेली होती. घरमालक घरी नसताना फाटकाला कुलूप असावं. आता घरमालक कोण? घर ज्याच्या नावावर तो. तो घरी नसला, की कुलूप. बायको आत आहे की बाहेर, हे नियमात लिहिलेलं नाही, मग त्याने ते कशाला बघावं? पुढचं कुंपण कमरेएवढं आहे खरं, पण वर टोकदार सळया आहेत. आणि तिथून कोणी गाऊन खोचून उड्या मारायच्या, गल्लीतल्या सगळ्यांसमोर? चिमीने?

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अगं, तुला कोंडून जातो तो, आणि तू मला हे आज सांगतेस?"

"कोंडून काय गं," ती म्हणाली. "तासाभराचा तर प्रश्न असतो. मला तरी कुठे जायचं असतं?"

त्या दिवसापासून मी तिच्या मागे लागले. माझी मागची खोली रिकामी आहे, कपाट रिकामं आहे, ये निघून. कायमची ये. मला दुसरं काही नको होतं, माझी बहीण त्या पेटीतून बाहेर काढायची होती. पण चिमी म्हणजे चिमी. "असं कसं गं," म्हणायची. "त्यांचा स्वभावच तसा आहे. मनात काही नसतं त्यांच्या." मी म्हणायची, "तेच तर म्हणतेय मी, मनात काही नाहीच."

पुढे एकदा सकाळी साहेब माझ्या दारात, हातात हिरव्या रंगाचा डबा आणि ब्रश.

"ताई, कुंपणाच्या दोन्ही बाजूंची देखभाल मालकाने करायची असते. त्यासाठी शेजाऱ्याच्या आवारात पूर्वसूचना देऊन येता येतं. ही पूर्वसूचना."

"मग रंग कधी लावणार?"

"आत्ताच."

"पूर्वसूचना आत्ता आणि रंगही आत्ता?"

"आधी सूचना दिली की नाही?" असं म्हणून तो माझ्या घरातून परसात गेलासुद्धा. चपलाही काढल्या नाहीत.

मी त्याच्या मागे जाऊन उभी राहिले. म्हटलं, आज याला सोडायचा नाही. "भावोजी, तुम्ही बाहेर जाताना चिमीला कोंडून जाता?"

ब्रश थांबला नाही. "कोंडून काय ताई, काहीतरीच! फाटकाला कुलूप लावतो."

"आणि ती आत असते."

"ती घरातच असते. रोजच असते."

"मालक घरी नसताना कुलूप, असं तुम्ही लिहिलंत ना? मग ती कोण? भाडेकरू?"

"घर माझ्या नावावर आहे," तो शांतपणे म्हणाला. राग नाही, काही नाही. जसं काही मी त्याला पत्ता विचारला होता.

"आग लागली तर?"

आता मात्र ब्रश थांबला. त्याने खरोखर विचार केला. मग म्हणाला, "आगीचा विषय आमच्या समितीकडे येत नाही."

"अहो, दुसरी किल्ली तरी करून द्या तिला!"

"दुसरी आहे ना. समितीकडे जमा आहे."

"समितीकडे म्हणजे कोणाकडे?"

"अध्यक्षांकडे," तो म्हणाला, आणि पुन्हा रंग लावू लागला. मी पुष्कळ मूर्ख पाहिले आहेत. इस्पितळात डॉक्टर पाहिले, मंत्री पाहिले, मंत्र्यांचे जावई पाहिले. पण या मूर्खपणाला तळच नव्हता. मी चहा ठेवला होता, तो मोरीत ओतला.

आणि मग तो दिवस आला. समिती दुपारी त्याच्या घरी कुंपण बघायला येणार होती. हे कुंपण नमुना म्हणून ठरवायचं होतं, म्हणजे पुढे वसाहतीत सगळ्यांनी असंच घालायचं. साहेब पहाटेपासून आतल्या बाजूच्या पट्ट्या रंगवत होते. खालची पट्टी होऊन वाळली, मधली झाली, आणि वरच्या पट्टीला नुसता पांढरा प्राइमर लागला असताना हिरवा रंग संपला. मग तो डबा आणायला आणि तसाच पुढे समितीच्या लोकांना घ्यायला गेला. कुलूप लावून. हे सगळं मला चिमीने कुंपणापलीकडून ऐकवलं. तिला त्याची काळजी, की रंग वेळेत वाळेल की नाही! मी म्हटलं, "वाळला नाही तर तू फुंकर घाल," आणि कपडे वाळत घालायला वळले.

पायाखाली साबणाचं पाणी होतं. मी अशी काही आपटले की विचारू नका. पाठीवर पडलं की थोडा वेळ श्वासच लागत नाही. हे मी पेशंटांना समजावून सांगत आले, घाबरू नका, येईल श्वास. स्वतः पडले तेव्हा वाटलं, आटोपला कारभार.

"ताई?" पलीकडून आवाज. "ताई, काय पडलं गं?"

मला बोलता येईना. तोंड उघडत होतं, आवाज निघत नव्हता.

"ताई! अगं ताई, बोल ना!"

मग माझा फोन वाजायला लागला, आत, स्वयंपाकघरात. वाजला, थांबला, पुन्हा वाजला. मग तिने नवऱ्याला फोन लावला. मला सगळं ऐकू येत होतं. "अहो, ताई पडलीय बहुतेक, आवाज देत नाही, फाटक उघडायला या हो..." आणि एकदम गप्प. त्याने काय म्हटलं ते तिने मला नंतर सांगितलं. "माणसं बसलीत, नंतर बोल."

पुढे पलीकडे लाकूड करकरलं. पुन्हा करकरलं. मी पडल्या पडल्या वर बघतेय, तर कुंपणाच्या काठावर आधी दोन हिरवी बोटं, मग सगळा हात, आणि मग माझ्या बहिणीचं डोकं. केस सुटलेले, डोळे हे एवढे.

"ताई, आहेस का गं?"

तोवर मला श्वास लागला होता. "आहे, आहे! अगं बाई, उतर खाली, हाडं मोडून घेशील!"

"कुठून उतरू?" ती म्हणाली.

आणि ते खरंच होतं. माझ्याकडे चांगली बाजू. तळापासून टोकापर्यंत गुळगुळीत, हात धरायला नाही, पाय ठेवायला नाही. मी कितीही मरमर केली असती तरी मला ते चढता आलं नसतं. पण तिच्या बाजूला त्याने खाली, मधे, वर अशा तीन आडव्या पट्ट्या ठोकल्या होत्या, भक्कम, ओळंबा लावून. बायकोला कोंडायला पिंजरा केला आणि आतून शिडी लावून ठेवली, नियमात बसते म्हणून. गाढवसुद्धा एवढं करत नाही. त्याच्याही हे डोक्यात आलं नव्हतं आणि चिमीच्याही आलं नव्हतं, त्या क्षणापर्यंत.

"मागे उतर, चिमे! मला काही झालेलं नाही!"

तिने माझ्याकडे पाहिलं, मागे तिच्या परसाकडे पाहिलं, आणि डोळे गच्च मिटून उडी मारली. साठीच्या उंबरठ्यावरची बाई, गुडघे दुखणारी, डाव्या पायावर पडली आणि तशीच लंगडत, रांगत माझ्याकडे आली. मला मिठी मारली, आणि माझ्या पांढऱ्या गाऊनवर तिचे दोन हिरवे पंजे उमटले.

आम्ही एकमेकींना धरधरून कशाबशा आत आलो. माझ्या पाठीला मुका मार होता. तिचा पाय मात्र घोट्यापाशी सुजून टम्म झाला. मी हाडं चाचपून पाहिली, मोडलेलं काही नव्हतं. तिला खुर्चीत बसवलं, पाय स्टुलावर घेतला, थंड पाण्याच्या घड्या ठेवल्या. मग आम्हाला दोघींनाही हसू फुटलं. चिमी अशी हसली, अशी हसली, की डोळ्यांतून पाणी. "मी कुंपण चढले गं ताई! मी!" आईच्या घरी जांभळाखाली उभी राहून ती रडायची, चढायला भीती वाटते म्हणून. तिला एवढं हसताना मी कधी पाहिलं होतं ते मला आठवेना.

मग हसू ओसरलं आणि तिची नजर घड्याळाकडे गेली.

"आता येतील ते," ती म्हणाली. "रंग सगळा फासला गेला गं."

"फासू दे. तू आता तिकडे जायचं नाहीस. मागच्या खोलीत पलंग आहे. तुझे कपडे मी आणवते."

ती पायाकडे बघत राहिली.

"चिमे, मी काय म्हणतेय?"

"ऐकतेय." मग म्हणाली, "ताई, मला तिकडे घुसमटायला होतं. कुलूप लागलेलं ऐकू येतं ना, त्याचा आवाज, की मी उगाच पाणी पिते. पण इतकी वर्षं काढलीत गं. ते जर आले, म्हणजे काळजीने आले, घाबरून, चिमीला काय झालं म्हणून, तर मी जाईन. एवढं केलं त्यांनी तरी मला पुरे आहे. नाही आले तर राहीन."

मला इतका संताप आला! एवढंच? इतक्या वर्षांचं मोल एवढंच मागतेस? पण मी तोंड आवरलं, कारण तिच्या चेहऱ्यावर जे होतं त्यावर ओरडता येत नव्हतं. मनात मात्र म्हटलं, देवा, त्याला येऊ देऊ नकोस. आणि आलाच, तर माणसासारखा येऊ देऊ नकोस.

बेल वाजली. एकदा नाही, लागोपाठ, हात काढायचं नावच नाही. मी पाठ धरून दार उघडलं. ओळंबा दारात. टोपी नव्हती, घामाने शर्ट अंगाला चिकटलेला, छाती भात्यासारखी वरखाली. धावत आला होता! त्याच्या मागे समितीतले औषधवाले, तेही धापा टाकत.

"कुठे आहे?" तो म्हणाला. आवाज कापत होता.

मी बाजूला झाले. काय करणार?  गेली, म्हटलं. आता ही जाणार, आणि मला काही म्हणायला तोंड राहिलं नाही. चिमी खुर्चीतून बघत होती. ते घामेजलेलं तोंड, ते धावत येणं, सगळं तिने पाहिलं आणि तिचा चेहरा असा उजळला की मला बघवेना.

"अहो, मी बरी आहे," ती म्हणाली. "तुम्ही बसा आधी. पाणी घ्या."

तो बसला नाही. तो तिच्याकडे गेला आणि चक्क गुडघे टेकून तिच्या पायापाशी बसला. या माणसाने कधी कोणापुढे गुडघे टेकले नव्हते. स्टुलावरून त्याने तिचा सुजलेला पाय दोन्ही हातांत घेतला, अलगद उचलला. चिमीने ओठ दाबला, दुखलं तिला, पण हूं का चूं केलं नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. बघ, असं तिचे डोळे म्हणत होते. बघ, ताई.

औषधवाले पुटपुटले, "वहिनींना बरंच लागलेलं दिसतंय. दुकानातून मलम पाठवतो."

"थांबा," ओळंबा म्हणाला. त्याने पाय आणखी वर केला, तिचा तळवा उजेडाकडे फिरवला, डोकं खाली घालून बघितलं, आणि अंगठ्याच्या नखाने तळव्यावरचं काहीतरी खरवडलं. मग ते नख औषधवाल्यांपुढे धरलं.

"पांढरं आहे, बघा. म्हणजे वरच्या पट्टीवर पाय दिलाय. तिला नुसता प्राइमर होता. हिरवा असता तर खालच्या दोन्ही पुन्हा कराव्या लागल्या असत्या." त्याने सुस्कारा सोडला. "वरची तर करायचीच होती. मधलीवर हात फिरवला की दिसणार नाही. होईल वेळेत."

 औषधवाले छताकडे बघायला लागले. मी, जिने सिनियर डॉक्टरांना वॉर्डाबाहेर काढलं होतं, मी हात उचलला होता, खरंच उचलला होता. पण त्याआधी चिमीने तिचा पाय काढून घेतला. हळूच, जोर न लावता, त्याच्या हातांतून.

"उठा," ती म्हणाली.

"हो, उठतोच. तू हळूहळू ये, रस्त्याने ये. समिती बसलीय तिथे, सगळ्यांना चहा..."

"मी येत नाही."

"आत्ता नाही आलीस तरी चालेल. पण संध्याकाळी..."

"संध्याकाळीही नाही."

त्याला कळेना. त्याने माझ्याकडे पाहिलं, जसं काही मी अर्थ सांगणार होते. मग औषधवाल्यांकडे पाहिलं. औषधवाल्यांनी, त्या माना डोलावणाऱ्या माणसाने, पहिल्यांदाच मान डोलावली नाही. "चला साहेब," एवढंच म्हणाले, आणि त्याला दंडाला धरून बाहेर नेलं. तो दारातून वळून म्हणाला, "पण कुलूप उघडंच टाकून आलोय मी!" आणि घाईघाईने गेला.

मी दार लावलं. माझ्या जिभेवर इतकं काही आलं होतं, इतक्या वर्षांचं साठलेलं, शेलकं शेलकं, आणि बोलायला आता कोणी अडवणार नव्हतं. मी वळले. चिमी रडत नव्हती. पाय पुन्हा स्टुलावर ठेवून ती त्या तळव्याकडे बघत होती, जिथे त्याने खरवडलं होतं. मी बँडेज आणलं आणि खाली बसून बांधायला लागले. 

"ताई," ती म्हणाली, "मला खरंच वाटलं गं, ते माझा पाय बघतायत."